डावीकडून : छायाचित्र-पुस्तके, श्रम आणि फोटोओळ

ज्या पुस्तकात छायाचित्रे मजकुराच्या शोभेसाठी येत नाहीत, तर त्यांच्या निवडीतून आणि क्रमातूनच पुस्तकाचे म्हणणे उभे राहते, त्याला छायाचित्र-पुस्तक म्हणावे, अशी ढोबळ व्याख्या करता येईल. अशा पुस्तकाचे स्वतःचे व्याकरण असते. समोरासमोरची दोन पाने मिळून जे जोडपान होते, त्यावर कोणते चित्र कोणाच्या शेजारी बसते, कोणते एकटे राहते आणि कोणती बाजू कोरी सोडली जाते, यावरून अर्थ बदलतो; शेकडो चित्रांतून साठ-सत्तर राखून बाकीची बाजूला ठेवण्याच्या कामाला संपादन म्हणतात, आणि छायाचित्रकार कितीही मोठा असला तरी पुस्तक या टप्प्यावर घडते किंवा बिघडते. या साऱ्या घटकांत चित्राखालच्या ओळीकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. वृत्तपत्राच्या कचेरीत तिला ‘फोटोओळ’ म्हणतात, आणि पान लागता लागता घाईने जे काम उरकले जाते ते बहुधा हेच असते. माणसांचे जगणे, त्यांचे काम आणि त्यांचे समाज यांची नोंद करणाऱ्या पुस्तकांचा विचार प्रस्तुत व्याख्यानात या उपेक्षित ओळीच्या अंगाने केला आहे, कारण चित्रातल्या माणसाशी पुस्तकाने कोणता व्यवहार केला, हे चित्राच्या प्रकाशयोजनेपेक्षा त्या ओळीतून अधिक लवकर उघडे पडते.

कोल्हारमध्ये हा विषय मांडताना परदेशी ग्रंथांपासून सुरुवात करण्याचे कारण नाही. प्रवरेच्या एका काठाला राहाता तालुक्यातील कोल्हार बुद्रुक आणि पलीकडे राहुरी तालुक्यातील कोल्हार खुर्द अशी ही वस्ती ज्या ऊसपट्ट्यात मोडते, त्या पट्ट्याने छायाचित्र-पुस्तकाचा स्वतःचा एक प्रकार घडवला आहे. त्याला ते नाव कोणी देत नाही, इतकेच. तो प्रकार म्हणजे स्मरणिका. १९२६ साली पूर्ण झालेले भंडारदऱ्याचे धरण आणि प्रवरेचे डावे-उजवे कालवे यांनी या जिरायत मुलखात बागायत आणली. जवळच्याच लोणीत विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाने सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५०-५१ मध्ये त्याचा पहिला गळीत हंगाम झाला. पुढे राज्यभर सहकार जसा पसरला, तशा कारखान्यांच्या, पतसंस्थांच्या, शिक्षणसंस्थांच्या रौप्य, सुवर्ण आणि अमृतमहोत्सवी स्मरणिका गुळगुळीत कागदावर निघू लागल्या. त्यांतील चित्रांचा क्रम जवळजवळ ठरलेला असतो : संस्थापकांचे पूर्णपान छायाचित्र, बॉयलरचे अग्निप्रदीपन, गव्हाणीत मोळी टाकून हंगामाचा शुभारंभ, साखरपोत्यांचे पूजन, मान्यवरांचा सत्कार, वार्षिक सभेतील गर्दी. फोटोओळही ठरलेली असते. ती ‘डावीकडून सर्वश्री’ या शब्दांनी सुरू होते आणि नाव, हुद्दा, पुन्हा नाव, पुन्हा हुद्दा अशी चालत पानाच्या उजव्या कडेपर्यंत जाते.

या स्मरणिकांची थट्टा करणे सोपे आहे, पण ते योग्य नाही. ज्यांच्या घरात छापील कागद म्हणजे पंचांग आणि सातबारा एवढाच येत होता, अशा धोतर-फेट्यातल्या शेतकऱ्यांच्या पहिल्या पिढीची नावे संचालक म्हणून, सभासद म्हणून चित्राखाली छापून आली, ही मराठी मुद्रणाच्या इतिहासातली लहान घटना नाही. त्या ‘डावीकडून’ने एका वर्गाला नावानिशी छापात आणले. प्रश्न उरतो तो त्याच स्मरणिकेतील आणखी एका चित्राचा. उसाचा फड, डोक्यावर मोळी घेतलेली बाई, मागे भरत आलेली गाडी, आणि खाली ‘ऊसतोडणी करताना मजूर’ एवढीच ओळ. तिला डावी बाजू नसते आणि उजवीही नसते.

या दोन फोटोओळींमधले अंतर सहकाराच्या काळात पडले असे समजणे चुकीचे ठरेल. ते महाराष्ट्रातील छायाचित्रणाइतकेच जुने आहे. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, आणि तिच्या आरंभीच्या सदस्यांमध्ये विल्यम जॉन्सन हा कंपनी सरकारचा नोकर होता. त्याने १८६३ आणि १८६६ मध्ये ‘द ओरिएंटल रेसेस अँड ट्राइब्ज, रेसिडेंट्स अँड व्हिजिटर्स ऑफ बॉम्बे’ हा दोन खंडांचा ग्रंथ काढला, त्यातील दुसरा खंड महाराष्ट्राविषयी आहे. छायाचित्र अक्षरांबरोबर छापण्याचे तंत्र तेव्हा हाती आलेले नव्हते, म्हणून अंड्यातील पांढऱ्या भागाचा लेप दिलेल्या कागदावर काढलेल्या प्रती, ज्यांना अल्ब्युमिन प्रती म्हणतात, पानापानावर हाताने चिकटवल्या जात. त्याहून लक्षणीय गोष्ट अशी की, जॉन्सनने माणसांचे गट वेगळे टिपले आणि देवळांची, रस्त्यांची, झाडांची दृश्ये वेगळी घेऊन दोन्ही एकत्र जोडली. जिथे ती माणसे उभी दिसतात तिथे ती उभी राहिलेली नव्हती. खाली मात्र जातीचे नाव ठामपणे छापलेले असते. त्याच सोसायटीत डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे छायाचित्रकार म्हणून नावाजलेले होते, तेव्हा कॅमेऱ्यामागे एतद्देशीय माणूस नव्हता असे म्हणता येत नाही. पण ग्रंथ काढण्याची आणि त्यात कोणाला कोणत्या नावाखाली बसवायचे हे ठरवण्याची सत्ता दुसऱ्याच्या हाती होती.

ही रीत ‘द पीपल ऑफ इंडिया’ या १८६८ ते १८७५ या काळात लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या आठ खंडांत टोकाला गेली. जॉन फोर्ब्स वॉटसन आणि जॉन विल्यम के यांनी संपादित केलेल्या या ग्रंथात साडेचारशेहून अधिक छायाचित्रे आहेत, आणि १८५७ नंतरच्या सरकारला आपल्या प्रजेची जी ओळख हवी होती तिचा ठसा त्यांच्या सोबतच्या मजकुरावर आहे : कोणती जात विश्वासू, कोणती भांडखोर, कोणती चोरीवर जगणारी, याचे शेरे माणसाच्या चेहऱ्याशेजारी छापलेले आहेत. सर सय्यद अहमद खान १८६९ मध्ये इंग्लंडला गेले तेव्हा इंडिया ऑफिसमध्ये हे खंड त्यांच्या पाहण्यात आले. त्यांच्या सोबत असलेल्या मुलाला एका इंग्रज तरुणाने तो हिंदुस्थानी आहे का असे विचारले, आणि होकार देताना त्या मुलाला जो संकोच झाला तो सर सय्यदांनी लिहून ठेवला आहे. छायाचित्रात असलेल्या समाजातील वाचकाने छायाचित्र-पुस्तकाविषयी दिलेला हा बहुधा अगदी आरंभीचा अभिप्राय असावा, आणि तो लाजेचा आहे.

नगर जिल्ह्यापुरते पाहिले तर मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सतरावा खंड, १८८४ साली निघालेला, हेच काम शब्दांत करतो. जातवार घर, भांडी, कपडा, खाणे आणि खर्च यांची त्यातील नोंद आजही उपयोगी पडते आणि त्यातील शेरे आजही खटकतात. १९१५ मध्ये त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ आला तेव्हा बलुतेदार-अलुतेदारांचे काम प्रथमच मराठी माणसाने मराठीत इतक्या बारकाईने मांडले, जरी फिरस्त्या जमातींविषयीची त्यांची कठोर मते गॅझेटियरच्या शेऱ्यांपासून फार दूरची नाहीत. पुढे अनिल अवचट यांनी हमालांपासून निपाणीच्या तंबाखू-कामगार स्त्रियांपर्यंत अनेकांविषयी जे लिहिले, त्यानेही ही शब्दांची वाट रुंद केली. मराठीत श्रमाची नोंद करण्याची परंपरा अशी मुख्यतः शब्दांची राहिली, आणि छायाचित्र तिच्यात उशिरा, बरेचदा मुखपृष्ठापुरतेच आले.

दुष्काळाच्या चित्रांबद्दल थोडेच सांगायला हवे. १८७६-७८ च्या मद्रास इलाख्यातील दुष्काळात विलोबी हूपर याने हाडांचे सापळे झालेल्या माणसांना ओळीने बसवून छायाचित्रे घेतली. चित्रे घेतली पण मदत केली नाही, अशी टीका त्याच्यावर त्या काळातच झाली. त्या चित्रांतील गट स्मरणिकेतल्या संचालक मंडळासारखेच दोन रांगांत मांडलेले आहेत. खाली नावे नाहीत.

विसाव्या शतकात या रीतीला छेद देण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांपैकी दोन येथे उपयोगी आहेत. जर्मनीत आउगुस्ट झांडर याने १९२९ साली ‘अँटलिट्झ डेअर त्साइट’, म्हणजे काळाचा चेहरा, या नावाने साठ व्यक्तिचित्रांचे पुस्तक काढले. त्यात माणसे वंशावरून येत नाहीत, ती बहुतांशी कामावरून आणि समाजातील स्थानावरून येतात : शेतकरी, आचारी, वीट वाहणारा मजूर, वकील. नाझी राजवटीला हा जर्मन माणसाचा चेहरा पसंत पडला नाही आणि १९३६ मध्ये पुस्तकाचे छपाईचे ठसे नष्ट करण्यात आले. दुसरे पुस्तक जेम्स एजी आणि वॉकर एव्हन्स यांचे, ‘लेट अस नाऊ प्रेझ फेमस मेन’. अलाबामातील कापूस पिकवणाऱ्या तीन कुळांच्या घरी १९३६ च्या उन्हाळ्यात राहून केलेले हे काम १९४१ मध्ये प्रसिद्ध झाले. एव्हन्सची ३१ छायाचित्रे पुस्तकाच्या अगदी आरंभी, शीर्षकाच्याही आधी येतात, आणि त्यांना एकही फोटोओळ नाही. मजकुरात एजीने कुटुंबांची नावे बदलली. हेतू आदराचा आणि संरक्षणाचा होता. तरीही पुढे अर्धशतकाने दोन पत्रकार त्या कुटुंबांच्या वारसांपर्यंत पोचले तेव्हा त्यांच्यापैकी काहींच्या मनात या पुस्तकाबद्दल राग साठलेला आढळला : चेहरा जगभर गेला, घरातली गरिबी जगभर गेली आणि त्याचे कोणी काही विचारले नाही. नाव न छापल्याने माणूस झाकला जात नाही, ही गोष्ट या उदाहरणातून कळते. मात्र नाव छापले म्हणजे न्याय झाला, असा उलटा निष्कर्षही घाईचा ठरेल.

मुंबईचे उदाहरण याहून अवघड आहे. अमेरिकन छायाचित्रकार मेरी एलन मार्क हिने १९७८-७९ मध्ये फॉकलंड रोडवरील वेश्यावस्तीत काही महिने काम केले आणि १९८१ मध्ये ‘फॉकलंड रोड’ हे रंगीत पुस्तक प्रसिद्ध केले. सुरुवातीला तिथल्या स्त्रियांनी तिला शिव्या दिल्या, अंगावर पाणी आणि कचरा फेकला, आणि नंतर काहींनी तिला घरात घेतले, हे तिने स्वतःच नोंदवले आहे. पुस्तकाची कारागिरी निःसंशय मोठी आहे. पण मराठी वाचकाकडे त्याच वस्तीचे आणखी एक पुस्तक आधीपासून होते. नामदेव ढसाळ यांचा ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह १९७२ चा. त्याची प्रस्तावना लिहिताना विजय तेंडुलकरांना अनेक शब्दांचे अर्थ विचारून घ्यावे लागले, आणि ते त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. त्या वस्तीत वाढलेल्या माणसाची भाषा पांढरपेशा वाचकासमोर आली तेव्हा अर्थ शोधण्याचा भार वाचकावर पडला. कॅमेऱ्याच्या बाबतीत असे होत नाही. चित्र सगळ्यांना लगेच समजते असे वाटते, आणि या लगेच समजण्यातच त्याचा धोका आहे. फोटोओळीने हे समजणे थोडे लांबवावे, पाहणाऱ्याला अडवून एखादा अनोळखी शब्द त्याच्यापुढे ठेवावा, ही अपेक्षा म्हणूनच रास्त आहे.

तशा अनोळखी शब्दांचा साठा ज्या मराठी छायाचित्र-पुस्तकाभोवती आहे ते म्हणजे संदेश भंडारे यांचे ‘तमाशा : एक रांगडी गंमत’. संगमनेर आणि नारायणगाव ही तमाशाची दोन ठाणी कोल्हारच्या पंचक्रोशीला अपरिचित नाहीत : संगमनेर प्रवरेच्याच काठी वरच्या अंगाला आहे, तिथे तमाशा कलावंत कांताबाई सातारकर यांचे अखेरपर्यंत वास्तव्य होते, नारायणगावात तमाशातल्याच विठाबाईंचा वारसा आहे आणि गुढीपाडव्याच्या सुमारास तिथे फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे जत्रा-कमिटीवाले येऊन ‘सुपारी’ देतात, म्हणजे विसार देऊन तारीख पक्की करतात. तमाशाची छायाचित्रे म्हटली की बोर्डावरची नाचणारी बाई आणि उडणारे फेटे एवढेच समोर येते. ‘बोर्ड’ म्हणजे फडवाल्यांच्या बोलीत रंगमंच. भंडारे यांच्या चित्रांचे वेगळेपण असे की, ती बोर्डाच्या मागेही तितकाच वेळ थांबतात. कनातीआडची रंगरंगोटी, ट्रकमधला प्रवास, उघड्यावरची चूल, दिवसा झोपलेली आणि रात्री जागी असलेली माणसे, असे फडाचे जगणे तिथे दिसते, आणि तमाशा हा पोटाचा उद्योग आहे हे त्यातून कळते. वगातील राजा सकाळी तंबूचे खुंटे उपटताना दिसला तर त्याची फोटोओळ काय लिहावी, सोंगाड्या की मजूर, हा प्रश्न असले पुस्तक वाचकापुढे टाकते आणि उत्तर देण्याची घाई करत नाही.

भंडारे यांचेच ‘वारी : एक आनंदयात्रा’ आणि उद्धव ठाकरे यांचे हवाई छायाचित्रांचे ‘पाहावा विठ्ठल’ (२०११) ही दोन पुस्तके शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. आकाशातून वारी नदीसारखी दिसते, रिंगण मोहोरासारखे दिसते, आणि तो आकार जमिनीवरून कधीच दिसला नसता, हे मान्य केले पाहिजे. पण त्या उंचीवरून फोटोओळीत गावाचे नाव लिहिता येते, माणसाचे लिहिता येत नाही. टाळकऱ्याच्या खांद्याच्या उंचीवर कॅमेरा आला की त्याला नाव विचारावेच लागते. छायाचित्रकार कोणत्या उंचीवर उभा आहे यावरून त्याच्या फोटोओळीची मर्यादा ठरते.

सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांवर केलेले काम या विषयात सर्वांत कठीण कसोटीचे आहे. वृत्तपत्र-छायाचित्रकार म्हणून शहर रोज पाहणाऱ्या ओलवे यांनी ही कृष्णधवल चित्रे अनेक वर्षे, पुन्हा पुन्हा जाऊन घेतली, आणि ती ‘इन सर्च ऑफ डिग्निटी अँड जस्टिस’ या नावाने जगभर पोचली. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मॅनहोलमध्ये छातीपर्यंत उतरलेला माणूस पाहून पाहणारा हळहळतो आणि पान उलटतो, हे अशा चित्रांचे नेहमीचे भवितव्य. ओलवे यांच्या चित्रमालिकेत गटाराबरोबर घरही येते : भिंतीवरची बाबासाहेबांची तसबीर, दारातली बायको, अभ्यासाला बसलेली मुले. त्यामुळे ‘घाण’ ही चित्राची विषयवस्तू न राहता ती माणसाच्या दिवसाचे आठ तास होते, आणि उरलेले सोळा तासही पाहणाऱ्याला मोजावे लागतात. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारे कायदे देशात १९९३ आणि २०१३ मध्ये झाले. त्या दोन कायद्यांच्या दरम्यानही आणि नंतरही शहराचे काम तसेच चालू राहिल्याचा पुरावा म्हणून ही चित्रे पाहता येतात. पुराव्याला मात्र तारीख, ठिकाण आणि नाव लागते. ज्या चित्राखाली या तिन्ही गोष्टी नसतील ते केवळ करुण दृश्य ठरते, आणि करुण दृश्य कोणत्याही चौकशीत दाखल करून घेतले जात नाही.

येथे एका व्यावहारिक गोष्टीकडे वळणे भाग आहे. जाड कागदावर, दोन छटांच्या शाईत छापलेले मोठ्या आकाराचे पुस्तक महाग असते, आणि चित्रातल्या मजुराची कित्येक दिवसांची कमाई त्याच्या एका प्रतीला लागते. पत्रकार पी. साईनाथ यांनी १९९३ ते २००२ या काळात दहा राज्यांत ग्रामीण स्त्रियांच्या कामाची जी छायाचित्रे घेतली, त्यांचे ‘व्हिजिबल वर्क, इनव्हिजिबल विमेन’ हे प्रदर्शन कलादालनापुरते न ठेवता रेल्वे आणि बस स्थानके, कारखान्यांची प्रवेशद्वारे, शेतमजुरांचे मेळावे अशा ठिकाणी नेले गेले. भिंतीवर मांडलेले ते पुस्तकच होते, फरक इतका की पाहणारी बाई त्यातली कामे रोज करणारी होती. डिसेंबर २०१४ मध्ये त्यांनी सुरू केलेल्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात फोटोओळीला माणसाचे नाव, गाव आणि तालुका जोडण्याचा कटाक्ष दिसतो, आणि मजकूर मराठीसह अनेक भाषांत येतो. जिल्ह्याजिल्ह्यातून, तालुक्यातालुक्यातून बाई, पुरुष आणि मूल यांचे चेहरे त्यांच्या कामासह नोंदवण्याचा ‘पारी’चा उपक्रम ‘द पीपल ऑफ इंडिया’च्या आठ खंडांना दिलेले उत्तर म्हणूनही वाचता येईल. चौकट तीच आहे, चेहरा समोरून घेतलेला आहे, फक्त जातीच्या शेऱ्याच्या जागी त्या व्यक्तीने स्वतः सांगितलेले काम आले आहे.

प्रवरेच्या पट्ट्यातील ऊसतोडीचे छायाचित्र-पुस्तक करायचे ठरल्यास या साऱ्या इतिहासाचा उपयोग काय, हे शेवटी पाहायचे. बीड जिल्ह्यातून, पाथर्डी-शेवगाव-आष्टीच्या कोरडवाहू भागातून दिवाळीच्या सुमारास टोळ्या येतात. मुकादम त्यांना हंगामाआधी ‘उचल’ देतो, म्हणजे आगाऊ रक्कम, आणि ती फिटेपर्यंत टोळी बांधलेली असते. नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात, हिशोब कोयत्याचा होतो आणि पैसे बहुधा नवऱ्याच्या हाती जातात. एकटा माणूस आला तर तो ‘अर्धा कोयता’. या एका शब्दात दोन माणसे हत्याराच्या नावाखाली नाहीशी होतात. शासनाने ऊसतोड कामगारांसाठी महामंडळ केले, ओळखपत्रे देण्याचे काम हाती घेतले, आणि त्यामुळे अनेकांना स्वतःचे नाव आणि चेहरा एकाच छापील तुकड्यावर मिळाला. पण ओळखपत्रातला चेहरा तपासणी करणाऱ्यासाठी असतो, घरच्यांना पाहण्यासाठी नसतो. पुस्तकातल्या फोटोओळीला कोयता मोडून दोन नावे लिहावी लागतील. बाईचे नाव तिला विचारून लिहावे लागेल, कारण टोळीच्या वहीत ते सापडेलच असे नाही. तिने नको म्हटले तर चेहराही वगळावा लागेल, हातांवर आणि मोळीवर भागवावे लागेल.

आणखी एक अडचण पत्त्याची आहे. जॉन्सनने माणूस एका जागचा आणि पार्श्वभूमी दुसऱ्या जागची अशी जी जोडणी केली, तिला खोटेपणा म्हटले जाते. पण ऊसतोड मजुराच्या बाबतीत माणूस एका गावचा आणि पार्श्वभूमी दुसऱ्या गावची हेच खरे असते. कालव्याकडेच्या कोपीसमोर, म्हणजे पाचट आणि बांबूच्या झोपडीसमोर, काढलेल्या चित्राखाली ‘कोल्हार’ एवढेच लिहिले तर निम्मा पत्ता सुटतो, आणि मूळ गावच लिहिले तर चित्रातला ऊस निराधार होतो. त्या ओळीत दोन्ही गावे यावी लागतील, आधी जिथे घर आहे ते आणि मग जिथे कोयता चालतो ते. प्रती पोचवण्याची वेळही त्यावरच ठरते. गुढीपाडव्याच्या आगेमागे पट्टा पडतो, म्हणजे गाळप हंगाम संपतो, आणि टोळ्या परततात. हंगामात दिलेले पुस्तक बिऱ्हाडाबरोबर गाडीच्या तळाशी भिजण्याचा संभव अधिक, म्हणून ते वैशाख-ज्येष्ठात, पेरणीच्या आधी, त्यांच्या गावी नेऊन द्यावे लागेल. त्या दिवसांत घरात माणसे असतात, लग्नकार्ये असतात, आणि चित्रे हातोहात फिरून ‘ही कोण, तो कोण’ असे डावीकडून विचारले जाते.